आधी नेमणूकपत्र, मग टाइप रेटिंग

प्रति,
मा. केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्री,
मा. महासंचालक, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली,
आणि देशातल्या सर्व विमान कंपन्यांचे व्यवस्थापन

स. न. वि. वि.

मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईत वैमानिकांच्या परीक्षांचे वर्ग घेणारे शिक्षक, उड्डाण प्रशिक्षक, आणि ज्यांची मुले-मुली आज हे प्रशिक्षण घेत आहेत असे पालक, अशा आम्ही सगळ्यांनी मिळून हे पत्र लिहिले आहे. ते तुमच्या नावे आहे, पण विमानात बसणाऱ्या प्रत्येकाने वाचावे अशी आमची इच्छा आहे. विषय एकच आहे. नव्या को-पायलटला नोकरीवर घेण्याआधीच त्याच्याकडून टाइप रेटिंगचे, म्हणजे एका विशिष्ट प्रकारच्या विमानाच्या प्रशिक्षणाचे, पैसे घेतले जातात. ते कधी घ्यावेत, किती घ्यावेत, नोकरी दिलीच नाही तर परत करावेत की नाही, यावर डीजीसीएचे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, बंधन नाही. हे आम्हाला मान्य नाही.

सुरुवातीला एक भेद स्पष्ट करतो, कारण या वादात दोन वेगळे खर्च नेहमी एकाच पिशवीत कोंबले जातात.

पहिला खर्च कमर्शियल पायलट लायसन्सचा, म्हणजे सीपीएलचा. त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागते, वय १८ पूर्ण लागते आणि क्लास वन मेडिकल, म्हणजे वैमानिकांसाठीची वैद्यकीय पात्रता लागते. हवाई नियम, नेव्हिगेशन, हवामानशास्त्र आणि तांत्रिक विषय या प्रत्येक पेपरात ७० टक्के गुण मिळवावे लागतात. रेडिओवर बोलण्याचा आरटीआर परवाना वेगळा. त्यावर २०० तासांचे उड्डाण: त्यातले १०० तास पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन, ३०० नॉटिकल मैलांचे एक लांब क्रॉस-कंट्री उड्डाण, १० तास इन्स्ट्रुमेंटवर, म्हणजे फक्त उपकरणे पाहून, ५ तास रात्रीचे. बहुतेक तास सेसना १७२ सारख्या एका इंजिनाच्या विमानावर होतात, आणि शेवटी मल्टि-इंजिनचे काही तास. शाळेचे शुल्क, राहणे-जेवणे, परीक्षा आणि मेडिकल धरून आज हा आकडा साधारण ५० ते ६० लाखांवर जातो. हा खर्च विद्यार्थ्याने करावा याला आमचा विरोध नाही. सीपीएल त्याचे स्वतःचे असते. डॉक्टरची पदवी डॉक्टरबरोबर जाते, तसे ते लायसन्स तो कोणत्याही कंपनीकडे घेऊन जाऊ शकतो.

दुसरा खर्च टाइप रेटिंगचा, आणि आमची तक्रार याच खर्चाबद्दल आहे. सीपीएल झालेल्याला एअरबस ए३२० किंवा बोईंग ७३७ उडवायचे असेल, तर त्या विशिष्ट विमानाचे प्रशिक्षण घेऊन तशी नोंद लायसन्सवर करून घ्यावी लागते. याचे बाजारातले दर साधारण १५ ते २५ लाख आहेत. विमान कोणते घ्यायचे, हे कंपनी ठरवते. ताफा कधी बदलायचा, हेही तीच ठरवते. २० लाख भरून ए३२० चे रेटिंग घेतलेल्या मुलाला ७३७ च्या कॉकपिटमध्ये बसता येत नाही. त्या प्रकारचे विमान चालवण्यापलीकडे या रेटिंगचा फारसा उपयोग नाही. मग तो धंद्याचा खर्च झाला. इंधन, पार्किंग आणि देखभालीसारखा कंपनीचा खर्च.

टाइप रेटिंगमध्ये नेमके काय होते, हे वाचकांना ठाऊक असावे, म्हणून सांगतो.

साधारण दोन आठवडे वर्ग असतात. ए३२० च्या हिरव्या, निळ्या आणि पिवळ्या अशा तीन हायड्रॉलिक यंत्रणा, वीजपुरवठा, इंधन, नॉर्मल-ऑल्टरनेट-डायरेक्ट हे उड्डाण नियंत्रणाचे तीन स्तर, आणि बिघाड झाला की ईकॅमच्या, म्हणजे बिघाड दाखवणाऱ्या यंत्रणेच्या, पडद्यावर येणाऱ्या सूचना कोणत्या क्रमाने हाताळायच्या ते. त्यानंतर लेखी परीक्षा. मग स्थिर ट्रेनरवर चेकलिस्ट आणि पॅनेलची घोटीव तयारी. त्यानंतर फुल फ्लाइट सिम्युलेटर. एक सेशन चार तासांचे असते आणि प्रशिक्षणार्थी जोडीने बसतात: दोन तास एकाच्या हाती विमान, दोन तास तो जोडीदाराचा मॉनिटरिंग पायलट. आधी तास-दीड तास ब्रीफिंग, नंतर डीब्रीफिंग. टेकऑफच्या धावेत व्ही-वन हा वेग, ज्यानंतर टेकऑफ थांबवता येत नाही, ओलांडल्यावर इंजिन बंद पडते, विमान बंद इंजिनाच्या बाजूला ओढले जाते, आणि पायाने रडर किती आणि कधी द्यायचा हे शरीरात बसेपर्यंत तोच प्रसंग पुन्हा पुन्हा दिला जातो. एका इंजिनावर गो-अराउंड, म्हणजे लँडिंग सोडून पुन्हा वर जाणे. केबिनचा दाब गेला की १०,००० फुटांपर्यंत तातडीने उतरणे. वेगमापक खोटे आकडे दाखवू लागले तर त्यांच्यावर विसंबून न राहता पिच (विमानाच्या नाकाचा कोन) आणि थ्रस्ट (इंजिनाचा जोर) धरून विमान सांभाळणे. शेवटी परीक्षकासमोर स्किल टेस्ट.

सिम्युलेटर गुरुग्राम, ग्रेटर नोएडा, बेंगळुरू, हैदराबाद अशा ठिकाणी आहेत. मुंबईच्या मुलाला तिथे खोली घेऊन राहावे लागते. सिम्युलेटर रात्रंदिवस चालतात, आणि पहाटेचा स्लॉट बहुधा नवख्यांच्याच वाट्याला येतो.

इतके झाल्यावरही तो को-पायलट होत नाही. अजून खऱ्या, रिकाम्या विमानावर टेकऑफ-लँडिंगचे बेस ट्रेनिंग बाकी असते. त्यानंतर प्रवासी घेऊन जाणाऱ्या विमानात प्रशिक्षक कॅप्टनच्या शेजारी बसून लाइन ट्रेनिंग. गोम इथेच आहे. सिम्युलेटरचे तास कोणतीही मान्यताप्राप्त संस्था विकू शकते. लाइन ट्रेनिंग मात्र विमान कंपनीशिवाय होऊच शकत नाही. नोकरी नसताना टाइप रेटिंग घेतलेल्या मुलाच्या हाती अर्धा पूल येतो, आणि पुढचा अर्धा बांधायचा की नाही हे दुसऱ्याच्या मर्जीवर राहते.

आता तक्रारी.

पहिली तक्रार पैसे आणि नोकरी यांच्या क्रमाची आहे. उमेदवाराच्या हाती अनेकदा सशर्त पत्र पडते, नेमणूकपत्र नाही. टाइप रेटिंग स्वखर्चाने पूर्ण करा, जागा असतील तर रुजू करून घेऊ, रुजू होण्याची तारीख कंपनी ठरवेल, भरलेले शुल्क परत मिळणार नाही. बंधने सगळी उमेदवारावर, मोकळीक सगळी कंपनीला. पैसे भरण्याची शेवटची तारीख ठळक अक्षरांत असते, रुजू होण्याची तारीख कुठेच नसते.

दुसरी तक्रार वाट पाहण्याच्या काळाची. सिम्युलेटरची परीक्षा आणि बेस ट्रेनिंग यांच्यात काही आठवड्यांचे अंतर पडले तर निभावते. सहा-आठ महिने गेले तर हात विसरतो. सर्वांत आधी बिघडतो तो इन्स्ट्रुमेंट स्कॅन, म्हणजे नजरेने ठरावीक क्रमाने आणि ठरावीक वेगाने उपकरणांवरून फिरणे. त्यानंतर कॉलआउट, म्हणजे कॉकपिटमध्ये मोठ्याने म्हणायचे ठरलेले शब्द, अडखळू लागतात. म्हणून पुन्हा रिफ्रेशर सेशन घ्यावे लागते. इन्स्ट्रुमेंट रेटिंगची तपासणी दरवर्षी असते, तिलाही सिम्युलेटर लागतो. जोडीदार मध्येच गळाला तर त्याच्या जागी कोणीतरी बसवावा लागतो. सिम्युलेटर बिघडला तर स्लॉट पुढे जातो. एखादे जादा सेशन लागले तर त्याचे बिल वेगळे येते. उशीर कोणाच्याही कारणाने झालेला असो, पैसे उमेदवाराच्याच खिशातून जातात. उशीर कंपनीमुळे झाला असेल तर रिफ्रेशरचा खर्च तिने करावा, इतकी साधी तरतूदही या करारांत नसते.

तिसरी तक्रार कर्जाची. इथे आकडे मांडतो, कारण 'पायलटला पगार भरपूर असतो' या एका वाक्याने हा विषय मोडीत काढला जातो. शैक्षणिक कर्जाच्या बँकांच्या प्रचलित नमुना योजनेत साडेसात लाखांवरच्या कर्जाला तारण लागते. मुंबईतल्या मध्यमवर्गीय कुटुंबाकडे तारण म्हणजे राहते घर. डोंबिवलीची दोन खोल्यांची जागा, नाहीतर गावची जमीन. ६० लाखांचे कर्ज ११ टक्क्यांनी १० वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे ८२,६०० रुपये येतो. त्यात टाइप रेटिंगचे २० लाख मिळवले की कर्ज ८० लाखांचे होते आणि हप्ता सुमारे १ लाख १० हजारांचा. १० वर्षांत फेड १ कोटी ३२ लाखांच्या घरात जाते. हप्ता सुरू होण्याआधीही ६० लाखांवर महिन्याला ५५ हजार रुपये नुसते व्याज चढत असते. म्हणजे कंपनीने रुजू होण्याची तारीख सहा महिने पुढे ढकलली, तर त्या घरावर ३ लाख ३० हजारांचा बोजा वाढतो. कंपनीला त्या सहा महिन्यांचा एक रुपयाही भुर्दंड पडत नाही. म्हणूनच तारीख पुढे ढकलताना कोणाचा हात थरथरत नाही.

चौथी तक्रार जोखमीची. किंगफिशरची उड्डाणे ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली. जेट एअरवेजची १७ एप्रिल २०१९ ला, गो फर्स्टची मे २०२३ मध्ये. जेट आणि गो फर्स्ट यांची मुख्यालये मुंबईतच होती, तेव्हा त्या झळा या शहराने जवळून सोसल्या आहेत. कंपनी बंद पडली की हजारो तासांचा अनुभव असलेले वैमानिक एका रात्रीत बाजारात येतात, आणि टाइप रेटिंग करून थांबलेली नवी मुले रांगेत पार मागे ढकलली जातात. ताफा किती वाढवायचा, कर्ज किती काढायचे, इंजिनांचा तुटवडा कसा सोसायचा, हे निर्णय व्यवस्थापनाचे आहेत. ते चुकले तर किंमत २१ वर्षांच्या मुलाच्या आई-वडिलांनी मोजावी, हा कोणता न्याय?

आता सुरक्षिततेबद्दल. हा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि याचीच चर्चा सर्वांत कमी होते.

निवड करणाऱ्याचे हित आणि पैसे घेणाऱ्याचे हित एकाच बाजूला असावे. कंपनी स्वतःच्या पैशाने शिकवते, तेव्हा ती निवड कडक करते, कारण नापास झालेल्यावरचा खर्च तिचा वाया जातो. शिकणारा स्वतःचे पैसे भरतो, तेव्हा तो ग्राहक होतो. ग्राहकाला 'तुझ्याकडून हे होणार नाही, थांब' असे पाचव्या सेशनला सांगणे संस्थेला परवडत नाही. आणखी चार सेशन विकणे परवडते. आमच्यातल्या प्रशिक्षकांना ठाऊक आहे की काही विद्यार्थ्यांना वेळीच थांबवणे हेच त्यांच्या आणि प्रवाशांच्या भल्याचे असते. ३० लाख भरून झालेल्या घराला ते सांगणे किती अवघड जाते, हेही ठाऊक आहे.

याच वाटेने पुढे गेले की 'पैसे भरून उडवा' हा प्रकार येतो. युरोप आणि आशियात काही ठिकाणी नवे वैमानिक पैसे भरून प्रवासी विमानातली उजवी, म्हणजे को-पायलटची, सीट काही शे तासांसाठी विकत घेतात. युरोपातल्या वैमानिक संघटनांनी त्याविरुद्ध मोहीम चालवली आहे. १२ फेब्रुवारी २००९ ला अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअरचे विमान कोसळले आणि ५० जणांचा जीव गेला. अपघाताचे मुख्य कारण स्टॉलच्या, म्हणजे पंखांची उचल संपण्याच्या, इशाऱ्याला कॅप्टनने दिलेला चुकीचा प्रतिसाद हे ठरले, आणि त्यापलीकडे काही जोडण्याचा आमचा हेतू नाही. पण त्या चौकशीत दोन गोष्टी उजेडात आल्या. कॅप्टनने आधीच्या काळात अशाच पैसे भरण्याच्या कार्यक्रमातून तास जमवले होते. आणि तुटपुंज्या पगारावरची को-पायलट देशाच्या दुसऱ्या टोकाहून रात्रभर विमानप्रवास करून कामावर आली होती. त्यानंतर तिथे कायदा झाला, २०१३ पासून को-पायलटलाही १५०० तासांची अट आली, आणि ज्या छोट्या कंपन्या एकेकाळी वैमानिकांकडून पैसे घेत होत्या, त्याच प्रशिक्षणाचा खर्च उचलून वर रुजू होण्याचा बोनस देऊ लागल्या. आपल्याकडे १५०० तासांची अट आणा असे आम्ही म्हणत नाही. अशा बदलासाठी अपघाताची वाट पाहू नका, इतकेच म्हणतो.

कर्जात बुडालेला को-पायलट थकलेला असताना 'आज मी उडण्याच्या स्थितीत नाही' असे सांगायला कचरतो. नियमाने तो हक्क त्याला आहे. पण प्रोबेशन चालू असताना आणि महिन्याच्या ५ तारखेला १ लाख १० हजारांचा हप्ता जाणार असताना तो हक्क वापरायला फार धीर लागतो.

डिसेंबर २०२५ मध्ये देशाने काय पाहिले ते आठवा. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले होते. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली होती, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आली होती. देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीकडे त्या वेळापत्रकाला पुरेसे वैमानिक नव्हते. हजारो उड्डाणे रद्द झाली. मुंबईच्या टर्मिनलवर लोक बॅगांवर डोके टेकून झोपले होते. त्याच वेळी सीपीएल हातात घेतलेली मुले याच शहरात घरी बसून होती. २०२३ मध्ये डीजीसीएने १,६२२ सीपीएल दिली, तो तोपर्यंतचा उच्चांक होता. त्याच वर्षी दोन मोठ्या कंपन्यांनी मिळून ९७० विमानांच्या ऑर्डर दिल्या. विमाने आहेत, लायसन्स असलेली मुले आहेत. मधला दुवा टाइप रेटिंगचा आणि लाइन ट्रेनिंगचा आहे, आणि तोच दुवा कंपन्यांनी उमेदवाराच्या ऐपतीवर सोडला आहे.

ऐपतीची गोष्ट निघालीच आहे, तर निवडीचा निकष काय झाला तेही पाहा. परीक्षेत पहिला येणारा पण २० लाख उभे करू न शकणारा मागे राहतो, आणि जेमतेम पास झालेला पण घर विकू शकणारा पुढे जातो. महाराष्ट्रात राज्य सरकारच्या महाज्योती या संस्थेमार्फत इतर मागासवर्गीय आणि भटक्या-विमुक्त समाजातल्या मोजक्या मुलांना नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये सीपीएलचे प्रशिक्षण मिळते, ही चांगली गोष्ट आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीच्या केंद्राच्या टॉप क्लास योजनेत खासगी फ्लाइंग क्लबसाठी वर्षाला ३.७२ लाखांची मर्यादा घातलेली होती. ५० लाखांच्या प्रशिक्षणाला ती कुठे पुरणार? आणि सरकारच्या मदतीने सीपीएल झालेली मुलगी टाइप रेटिंगच्या दारात अडली, तर सरकारचा तो पैसाही वाया गेलाच.

मुंबईत बसून आम्हाला आजूबाजूला वेगळे चित्र दिसते. आमची लोकल चालवणाऱ्या मोटरमनला रेल्वे स्वतःच्या खर्चाने, पगार देऊन शिकवते. कोणी त्याला 'चर्चगेट-विरार मार्गाच्या प्रशिक्षणाचे २० लाख आधी भर' असे म्हणत नाही. जहाजावर जाणाऱ्यांचे पाहा. त्यांची नियामक संस्था, नौवहन महासंचालनालय, मुंबईतच आहे. तिथे नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून किंवा अधिकाऱ्याकडून भरती एजंटला पैसे घेता येत नाहीत. २००६ च्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारातच ही मनाई आहे आणि भारताने तो करार २०१५ मध्ये स्वीकारला. मेडिकल, पासपोर्ट असे मोजके खर्च सोडले तर भार मालकावर. जहाजाला जो नियम लावता आला, तो विमानाला का लावता येऊ नये?

कंपन्यांचे म्हणणे आम्हाला ठाऊक आहे, आणि त्यात तथ्य अजिबात नाही असे नाही. नफा पातळ असतो. आम्ही शिकवतो आणि दुसरी कंपनी पळवते. पण याची उत्तरे कायद्यात आधीच आहेत. २०१७ पासून डीजीसीएच्या नियमाने को-पायलटला सहा महिन्यांची आणि कॅप्टनला एक वर्षाची नोटीस द्यावी लागते. प्रशिक्षणाच्या खर्चापोटी बॉण्ड घेण्याचा मार्गही मोकळा आहे. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये तीन वर्षांच्या सेवेचा आणि दोन लाखांचा बॉण्ड वैध ठरवला आहे. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे भरपाई वाजवी असावी, इतकीच मर्यादा. म्हणजे खर्च आधी कंपनीने करावा आणि वैमानिक सोडून गेला तर उरलेला वसूल करावा, ही सोय उपलब्ध आहे. मग पैसे आधी का?

रकमेचाही अंदाज घ्या. ए३२० ला मुंबई-दिल्ली एका बाजूच्या फेरीला साधारण ५ टन इंधन लागते. विमान इंधन किलोलीटरला ९० हजार धरले, तर एका फेरीचे इंधन साडेपाच लाखांच्या आसपास जाते. एका को-पायलटचे टाइप रेटिंग म्हणजे मुंबई-दिल्लीच्या चार फेऱ्यांचे इंधन. एक विमान ते एका दिवसात जाळते. ब्रिटिश एअरवेजने २०२३ मध्ये अशी अकादमी जाहीर केली की जिथे कॅडेटचे, म्हणजे प्रशिक्षणार्थी वैमानिकाचे, अगदी सुरुवातीपासूनचे प्रशिक्षण कंपनीच्या खर्चाने होते. आम्ही तेवढेही मागत नाही.

डीजीसीएला एक गोष्ट स्पष्टपणे विचारायची आहे. हा उमेदवार आणि कंपनी यांच्यातला खासगी करार आहे, असे म्हणून बाजूला राहणे तुम्हाला शोभते का? वैमानिकाने नोकरी कधी सोडावी हाही खासगी करारच होता. उड्डाणे रद्द होतात, प्रवाशांचे हाल होतात, म्हणून लोकहितासाठी तुम्ही त्यात नियम केला. तो नियम कंपन्यांच्या सोयीचा होता. टाइप रेटिंग देणाऱ्या संस्थेला मान्यता तुम्ही देता, कंपनीचे प्रशिक्षण मॅन्युअल तुम्ही मंजूर करता, स्किल टेस्ट घेणारा परीक्षक तुम्ही नेमता. पैसे कोणत्या टप्प्यावर घ्यावेत, एवढेच काय ते तुमच्या कक्षेबाहेर कसे राहते?

आमच्या मागण्या अशा आहेत.

१. विमान कंपनीने किंवा तिने सांगितलेल्या संस्थेने टाइप रेटिंगसाठी पैसे घेण्याआधी उमेदवाराला नेमणूकपत्र द्यावे. त्यावर रुजू होण्याची तारीख आणि पगार लिहिलेला असावा. सशर्त पत्रावर पैसे घेण्यास मनाई करावी.

२. नेमणूक झालेल्या वैमानिकाचे टाइप रेटिंग, बेस ट्रेनिंग आणि लाइन ट्रेनिंग कंपनीच्या खर्चाने व्हावे. कंपनीने बॉण्ड घ्यावा, पण तो जास्तीत जास्त तीन वर्षांचा, प्रत्यक्ष खर्चाइतकाच आणि दर महिन्याला घटणारा असावा. २० लाखांचा बॉण्ड ३६ महिन्यांत विभागला तर महिन्याला सुमारे ५५,५०० रुपये कमी होतात. दोन वर्षे काम करून गेलेल्याकडून पूर्ण रक्कम मागता येऊ नये. कंपनी बंद पडली, कर्मचारी कपात झाली किंवा वैमानिक वैद्यकीय कारणाने अपात्र ठरला, तर बॉण्ड रद्द व्हावा. मूळ प्रमाणपत्रे आणि लॉगबुक अडकवून ठेवण्यास बंदी असावी.

३. ठरलेल्या तारखेनंतर रुजू होण्यास उशीर झाला तर त्या दिवसापासून स्टायपेंड सुरू व्हावा, आणि रिफ्रेशर व तपासण्यांचा खर्च कंपनीने करावा. ६० दिवसांत तारीख मिळाली नाही तर उमेदवाराला करार मोडण्याचा हक्क असावा.

४. प्रवासी विमानातले लाइन ट्रेनिंगचे तास विकण्यावर स्पष्ट शब्दांत बंदी घालावी. हा प्रकार रुजण्याआधीच नियम हवा.

५. कॅडेट कार्यक्रम चालवणाऱ्या प्रत्येक कंपनीने दर सहा महिन्यांनी आकडे जाहीर करावेत: किती जणांना घेतले, किती जणांचे सीपीएल झाले, सरासरी किती महिने लागले, किती जण टाइप रेटिंग करून थांबले आहेत, किती जण रुजू झाले. हे आकडे डीजीसीएच्या संकेतस्थळावर असावेत. २०२५ मध्ये तुम्ही उड्डाण शाळांची पहिली क्रमवारी लावली, तिचे आम्ही स्वागत केले. तिच्यात सर्वांत वरच्या श्रेणीत एकही शाळा नव्हती, हे पालकांना आधी कळले असते तर बरे झाले असते. तशीच पारदर्शकता कंपन्यांच्या कार्यक्रमांनाही लावा.

६. सीपीएलच्या शुल्काबद्दल एकच मागणी आहे. शाळांनी ४०-५० लाख आगाऊ घेऊ नयेत, पैसे उडालेल्या तासांप्रमाणे घ्यावेत. महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर ढग खाली येतात, दृश्यमानता पडते आणि उड्डाण अनेक दिवस बंद राहते. विमान १०० तासांच्या तपासणीला जाते आणि सुट्या भागासाठी हँगरमध्ये महिनोन्‌महिने उभे राहते. प्रशिक्षक नोकरी सोडून जातो. अशा वेळी विद्यार्थ्याला शाळा बदलायची असेल, तर न उडालेल्या तासांचे पैसे ३० दिवसांत परत मिळावेत. रक्कम बँकेत स्वतंत्र खात्यात राहावी आणि तास नोंदले गेले की मगच शाळेच्या हाती जावी.

७. बँकांनी वैमानिक प्रशिक्षणाच्या कर्जाचा हप्ता प्रत्यक्ष रुजू झाल्यानंतरच सुरू करावा, यासाठी मंत्रालयाने अर्थ मंत्रालयाकडे प्रस्ताव पाठवावा.

यातल्या पहिल्या चार मागण्यांना संसदेत नवा कायदा लागत नाही. डीजीसीएच्या नियमावलीत दुरुस्ती करून त्या अमलात येऊ शकतात. तुम्ही मसुदा काढून हरकती-सूचना मागवा. आमच्याकडे विद्यार्थ्यांनी संमतीने दिलेल्या करारांच्या प्रती आहेत. नावे झाकून त्या आम्ही तुमच्या अधिकाऱ्यांसमोर ठेवू, आणि कोणत्या कलमाचा त्रास कोणत्या टप्प्यावर होतो ते ओळ-ओळ दाखवू.

सीपीएलच्या परीक्षांचे पुढचे सत्र जवळ आले आहे. त्याला बसणाऱ्या मुलांच्या घरी टाइप रेटिंगच्या पैशांसाठी घर गहाण टाकण्याची बोलणी आत्ताच सुरू झाली आहेत. पहिल्या मागणीपुरते तरी परिपत्रक त्याआधी निघावे, ही विनंती.

आपले,
मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईतील वैमानिक प्रशिक्षणातले शिक्षक, प्रशिक्षक आणि पालक